पहारेकऱ्याने दार का उघडलं

लेतेब्रहान उठायला लागली तशी मी तिला हात धरून खाली बसवलं. कॅनडातल्या विनिपेगच्या त्या कोर्टात तिला तोंड उघडायची मुभाच नव्हती. बोलणार होते फक्त वकील.

एरिट्रियात बंदी असताना घरात जमून प्रार्थना केली म्हणून तिला पकडलं होतं आणि मालाच्या लोखंडी कंटेनरमध्ये कोंडलं होतं. एका पहाटे पहारेकऱ्याने दार उघडलं आणि ती निसटली. इथे आश्रय मागताना तिने एवढंच सांगितलं. अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने निकालात लिहिलं, कुठलाही पहारेकरी असं करणार नाही, म्हणजे बाई खोटं बोलते. अर्ज फेटाळला.

तो पहारेकरी तिचा विद्यार्थी होता. गावच्या शाळेत तिनेच त्याला वाचायला शिकवलं होतं. पण नवीन काही ऐकणं हे या कोर्टाचं काम नाही, आधीचा निर्णय नीट झाला का एवढंच ते बघतं, असं आमच्या वकील फ्रीसनबाईंनी बजावलं होतं.

सरकारी वकील म्हणाला, अर्जदाराला खुलासा करायची पुरेपूर संधी मिळाली होती. न्यायाधीशबाईंनी मान वर केली.

"कुठल्या पानावर? दाखवा."

तो पानं उलटायला लागला. मी लेतेच्या कानात आमच्या तिग्रिन्या भाषेत सगळं सांगत होते, पण माझीच जीभ अडखळायला लागली. तिने माझ्या मनगटात नखं रुतवली होती.

"पहारेकऱ्याने दार का उघडलं, हे यांना कोणी विचारलं?"

"थेट असं नाही."

"मग आडून?"

त्याने फाइल मिटली. "नाही."

न्यायाधीशबाईंनी तिथल्या तिथे निर्णय दिला. न विचारता कुणाला खोटं ठरवता येत नाही. आधीचा निकाल रद्द, आता दुसरा अधिकारी अर्ज नव्याने ऐकेल.

बाहेर आमच्या चर्चच्या बायका हिंबाशा, म्हणजे आमच्याकडची जाड गोडसर पोळी, फडक्यात बांधून थांबल्या होत्या. एकच गलका झाला. कोणी रडतंय, कोणी फोनवर ओरडतंय. सुरक्षारक्षक हळू बोला म्हणून विनवत होता. फ्रीसनबाई मात्र पुन्हा पुन्हा समजावत होत्या की आश्रय अजून मिळालेला नाही, सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी ते लेतेला सांगितलं. ती पोळी तोडत हसायला लागली.

"म्हणजे आता विचारतील ना? विचारू देत की गं. माझं उत्तर केव्हाचं तयार आहे."