थॅडियसकाकांची चाल

न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या, म्हणजे काळ्यांच्या वस्तीतल्या, आमच्या नाटकघरात नाचणाऱ्यांचा एक कायदा होता. दुसऱ्याचं पाऊल उचलायचं तर खुशाल उचला, पण त्यात आपलं काहीतरी मिसळा. जसंच्या तसं नाचलात तर ती चोरी. कोणी कुणाचं काय उचललं, याची नोंद सगळ्यांच्या डोक्यात पक्की. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारेही ही नोंद विसरत नसत.

लुव्हिनियानं सहा महिने खपून एक नवं पाऊल बसवलं होतं. शनिवारी दुपारच्या खेळात ती ते नाचली की ते तिच्या नावावर लागणार. आणि नेमके बुधवारी तालमीला मिस्टर व्हिटकॉम्ब हजर. हे गोरे गृहस्थ ब्रॉडवेवरच्या बड्या नाटकांत नाच बसवायचे. गेल्या साली लुव्हिनियाची दोन पावलं त्यांनी तिच्याआधी तिकडे नाचवली होती, आणि ती आपल्याला आंघोळ करताना सुचली असं वर्तमानपत्रात छापूनही आणलं होतं. पण मालकांचे पाहुणे. नाही म्हणायची सोय नव्हती.

"नवीन काही?" वही उघडत त्यांनी विचारलं.

तेवढ्यात आमचे दरवान थॅडियसकाका बादली घेऊन रंगमंच ओलांडत होते. उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून पाय ओढत. तीन पावलं झाली की थांबायचं, नाक पुसायचं, पुन्हा चालू. लुव्हिनियानं त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि तेच नाचून दाखवलं.

"हे नाक पुसणं कशाला?"

"सगळी गंमत त्यातच आहे, साहेब. ते गाळलंत तर उरलं काय?"

साहेबांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

शनिवारी लुव्हिनियाचं पाऊल थाटात तिच्या नावावर लागलं. आणि उन्हाळा येईतो निम्मी अमेरिका थॅडियसकाकांसारखी चालायला लागली. लग्नांत नवरानवरी तालावर नाक पुसू लागली. आम्ही हसून बेजार.

काका हसले नाहीत.

"पोरी, त्यात तू काय मिसळलंस?"

"काका, थट्टा होती हो ती."

"नाकसुद्धा माझंच."

प्रकरण न्हाव्याच्या दुकानात गेलं. तिथं बसणाऱ्या तीन म्हाताऱ्या नर्तकांनी निकाल दिला: चोरी ती चोरी, माल पुढे कोणाच्याही गळ्यात मारलेला असो. भरपाई म्हणून लुव्हिनियानं आपलं पाऊल काकांना शिकवावं. ते शनिवारी नाचले की पाऊल त्यांचं.

"सहा महिने घातलेत मी त्यात."

"मी बावीस वर्षं घातलीत," काका गुडघ्यावर थाप मारून म्हणाले.

तिनं ओठ आवळून शिकवलं. काकांचा उजवा पाय अर्धा ठोका उशिरा पडायचा. शनिवारी त्या उशिरा पडणाऱ्या पायाला सगळं नाटकघर उभं राहिलं. लुव्हिनिया पडद्याआड उभी राहून बघत होती, आणि चेहऱ्यावरून सांगतो, टाळ्यांपेक्षा तिला तो पाय जास्त झोंबला.

"काका, तो उशीर मला हवाय."

"घे की. पण मिसळ काहीतरी."

तिनं तो डाव्या पायावर घेतला, वर एक गिरकी घातली, आणि पुढच्या शनिवारी पाऊल पुन्हा तिच्या नावावर लागलं. काका दारात उभे राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "पोरगी बरी आहे. गुडघा तेवढा कच्चा आहे अजून."