खोकला आला की हात सोडा

शिंपीकाकांच्या छातीत पाणी साचलं होतं आणि ते आज सुईने काढायचं होतं. "सुईचं मला काय सांगता, सिस्टर? जन्म गेला सुईदोऱ्यात!" काकांनी ऐट तर दाखवली, पण एवढं बोलताना धाप लागून दोनदा थांबले.

सिस्टरने त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पुढच्या टेबलावर उशी ठेवून हात टेकवायला लावले, पाठ उघडी केली. "काका, सुई फुप्फुसाच्या अगदी शेजारी असणार. हलायचं नाही आणि खोकायचं तर मुळीच नाही. खोकला येतोय वाटलं, की माझा हात दाबा. डॉक्टर लगेच सुई काढतील. समजलं?"

"हो हो."

अहो, घाबरलेला माणूस कशालाही 'हो हो' म्हणतो. सिस्टरचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "मग मी काय सांगितलं, तुम्हीच सांगा बघू."

"कापड हललं की टाका चुकतो. आणि खोकला आला की हात दाबायचा."

उत्तर अगदी बरोबर. तरी तिचं समाधान होईना. काका सकाळपासून खोकत होते, आणि सुई आत असताना एक ढास लागली तर फुप्फुसाला भोक पडायला कितीसा वेळ लागतो?

डॉक्टरीणबाई आल्या. औषधाचा गार बोळा पाठीला लागला मात्र, काकांनी सिस्टरचा हात करकचून आवळला.

"थांबा!" सिस्टर ओरडली. "काका, खोकला आला?"

"नाही हो... भीती वाटली."

"सिस्टर, असं दर वेळी थांबायचं का?" डॉक्टरीणबाई वैतागल्या.

आता बोला! सिस्टरने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. भ्यालेला माणूस हात दाबणारच की. लांडगा आला रे आला, अशातली गत व्हायची, आणि खरा खोकला येईल तेव्हा कुणी थांबायचंच नाही.

"एक मिनिट, मॅडम." ती काकांसमोर वाकली. "काका, खूण बदलली. भीती वाटली तर खुशाल आवळा, मोडला हात तरी चालेल. पण खोकला आला की हात सोडून द्यायचा. काय करायचं?"

"भीतीला धरायचं, खोकल्याला सोडायचं."

पाठ बधिर झाली, सुई आत गेली, नळीतून पिवळसर पाणी बाटलीत उतरू लागलं. काकांनी हात असा आवळला होता, की सिस्टरची बोटं पांढरी पडली. पण दुखतंय तोवर सगळं ठीक आहे, असं ती स्वतःला बजावत होती. बाटलीकडे तिचं लक्षच नव्हतं. आणि एकदम तिचा हात मोकळा झाला.

"मॅडम, बाहेर!"

सुई निघाली आणि पाठोपाठ अशी ढास सुटली, की टेबल हादरलं. पाठीवर बोळा दाबून धरलेल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "थोडक्यात वाचलो, सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या.

पाणी पुरेसं निघालं होतं. खोकला ओसरल्यावर काकांनी चाचपडत तिचा हात पुन्हा धरला. पाठीवर पट्टी लागली, बाटली गेली, डॉक्टरीणबाईही गेल्या.

"काका, झालं सगळं. सोडा की आता हात."

"मला खोकला कुठं आलाय, सिस्टर, मग मी तुमचा हात कसा काय सोडू?" काका म्हणाले, आणि तेही एका दमात.