उरलेली पट्टी

पडद्याच्या जुन्या कापडावर टेप धरता धरता दिनानाथांना गीतांजलीचं पत्र आठवलं. दोन महिने ते उत्तराविना कपाटात पडून होतं. त्यांची ही जुनी विद्यार्थिनी आता पाटणजवळ शिक्षिका होती. तिनं लिहिलं होतं, 'सर, मसावि काढताना मोठ्या संख्येला लहान संख्येनं भागायचं, मग लहान संख्येला बाकीनं, असं बाकी संपेपर्यंत. पण यानं मसावि का मिळतो, असं वर्गातल्या एका मुलीनं विचारलं. माझ्या सरांना विचारून सांगते म्हटलंय.'

बत्तीस वर्षं दिनानाथांनी ही रीत शिकवली होती. ती का चालते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"अठ्ठेचाळीस बाय तीस इंच," ते पुटपुटले.

"अहो, टेप आवरा. शकुबाईंना गोधडी शिवायचीय, गणित नाही सोडवायचं," सुनीतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

शकुबाई गालात हसल्या. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी, त्या बेलापुरात घरोघरी गोधड्या शिवून देत.

"समदी ठिगळं चौकोनी, सारखी. चिंधी उरू द्यायची न्हाई. अन् हुईल तेवढी मोठी. बारीक केली की टाकं वाढत्यात."

त्यांनी कापडाचा कोपरा तिरपा दुमडला. तीस इंचांचा चौकोन झाला. उरलेल्या पट्टीचा कोपरा तसाच दुमडला, अठराचा. मग बाराचा. शेवटची पट्टी सहा इंच रुंद, ती दोन चौकोनांत संपली. कात्रीला अजून हातही लागला नव्हता.

"ह्येवढं ठिगळ."

सहा. दिनानाथांनी मनात केलेलं उत्तरही तेच होतं.

"पण हेच सगळीकडे बसेल कशावरून?"

"मास्तर, जे ठिगळ अख्ख्या कापडात बसंल, ते चौकोन काढून उरल्या पट्टीतबी बसायलाच पायजे. अन् चौकोनात अन् पट्टीत बसलं, तर कापडात बसलंच की! मग अख्खं कापड कशाला बघायचं? पट्टीच बघायची."

दिनानाथ तिथंच फरशीवर बसले. एकेका घडीवरून त्यांनी बोट फिरवलं. तीस, अठरा, बारा, सहा.

"कुठे शिकलात हे?"

"शिकायचं काय त्यात? दिसतंय की."

ते टेबलाशी गेले. 'बराच विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं,' असं लिहिलं आणि पेन थांबलं. ते बाहेर आले.

"शकुबाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

"का वो? चुकलं का काय माझं?"

"नाही. माझं चुकत होतं."

"शकुबाई कोंडिबा शेलार."

त्यांनी पहिली ओळ खोडली. 'हे मला आजवर माहीत नव्हतं. आज शकुबाई कोंडिबा शेलार यांनी शिकवलं,' असं लिहून पुढे सगळ्या घड्या काढून दाखवल्या. शेवटी 'तुझे सर' न लिहिता नुसतं 'दिनानाथ' लिहिलं, आणि मन बदलायच्या आत खाली उतरून पाकीट टपालपेटीत टाकलं.