मेण्याचे चार गडी

रुपालीच्या बापाचा, भीमाचा, एकही फोटो घरात नव्हता. ती पाळण्यात असतानाच त्याला पान लागलं आणि सापाच्या विषानं तो गेला. मात्र बनुबाई लेकीला नेहमी सांगायची, "भंडारदऱ्याला शिनेमावाले आल्ते, तवा तुझ्या बानं मेणा उचलला हुता." तो सिनेमा तिनं कधी पाहिलाच नाही. तालुक्याच्या गावी, अकोल्यात, तो लागलाच नव्हता.

रुपाली आता अकोल्याला शाळेत शिकवायची. तिनं कितीतरी महिने शोधलं, तेव्हा जुन्या सिनेमांच्या एका संकेतस्थळावर तो सापडला. शाळेच्या संगणकावर तिनं तो प्रसंग पाहिला. चार गडी मेणा घेऊन टेकडी चढत होते. एकाचं हसू, एकाची मुंडाशाखालून दिसणारी मान. त्यातला बाप कोणता, हे तिला कसं कळावं? ते आईच सांगणार.

संगणक शिकवणारे तौसीफसर शेजारीच होते. "मॅडम, उतरवून ठेवा. अशा गोष्टी टिकत नाहीत."

"मालकी दुसऱ्याची आहे, सर. न विचारता कशी घ्यायची? रविवारी आईला इथंच दाखवते."

रविवारी ती आईला जीपनं घेऊन आली. बनुबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पडद्यावर सिनेमा नव्हता, नुसती सूचना होती: हक्कधारकांच्या तक्रारीवरून काढला आहे.

रुपालीनं निर्मात्याच्या वारसांना पत्रं लिहिली. तेवढा एकच प्रसंग मागितला. शेवटी एका वकिलाचा फोन आला. "भावाभावांत दावा चालू आहे. निकाल लागेपर्यंत कुणालाच परवानगी देता येत नाही."

"मग कधी?"

"सांगता येत नाही, बाई."

तौसीफसर म्हणाले, प्रदर्शनाला साठ वर्षं झाली की हक्क संपतो. म्हणजे अजून दहाएक वर्षं. बनुबाईनं सत्तरी केव्हाच ओलांडली होती आणि तिच्या एका डोळ्याची नजर गेली होती.

गावी जाऊन रुपालीनं आईला सगळं सांगितलं. बनुबाई चुलीपुढं बसून होती.

"तू तर पाह्यलंस ना? कसा दिसत हुता?"

रुपालीनं चारही गड्यांचं वर्णन केलं. उंच कोण, काळासावळा कोण, हसत कोण होता. आई मन लावून ऐकत राहिली.

"यातला कोणता गं, आई?"

बनुबाईनं बराच वेळ आठवून पाहिलं. मग पदर तोंडाशी धरला.

"मला त्याचं त्वांडच आठवत न्हाई आता," ती म्हणाली. "समोर दिसला असता, तर वळखला असता."