स्टुलाखालचा पुठ्ठा

दिवसभर जगाला "आ करा, अजून मोठा" असं सांगणाऱ्या बाईला स्वतःचं तोंड काही उघडवेना. बाई दातांची डॉक्टर. कुणाच्या दाढेत काय दडलंय ते चमच्याएवढ्या आरशात बघून सांगायची. स्वतःच्या मनातली कीड मात्र सासरे पडल्यापासून नुसती जिभेनं चाचपत होती.

सासऱ्यांचं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर कपडे वाळत घालायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं आणि मग दुसऱ्या कुणाला त्यात हात घालू दिला नाही. गच्चीवरच्या दोरीवर शर्ट असे लागायचे, की वाटावं दोन्हीकडे समास सोडून मजकूर छापलाय. मोजे जोडीनं, टाचा एका बाजूला. सुनेनं एकदा हौसेनं चादर टाकली, तर त्यांनी ती काढली, झटकली, पुन्हा टाकली आणि वर म्हणाले, "छान घातली होतीस."

दोरी उंच, म्हणून स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा. पुठ्ठा होता म्हणून नवं स्टूल घ्यायचं कुणाला सुचलं नाही, आणि स्टूल जुनं म्हणून पुठ्ठ्याला त्या फरशीवर कायमची वस्ती मिळाली. सासरे न बघता स्टुलाचा तो पाय नेमका त्यावर टेकवायचे.

अशात एकदा गच्चीवर पाहुणे बसणार होते आणि सुनेला स्वच्छतेचा झटका आला. झाडता झाडता तो कळकट पुठ्ठाही तिनं कचऱ्यात लोटला. दुसऱ्या दिवशी सासरे स्टुलावर चढले ते हाडांच्या डॉक्टरकडेच उतरले.

इथवर ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पण सगळे दवाखान्यात असताना, सासऱ्यांचे कपडे न्यायला ती घरी आली, गच्चीवर गेली, खोकं फाडून नवा पुठ्ठा दुमडला आणि जागच्या जागी ठेवून आली. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. नवरा नंतर वर जाऊन बघून आला. "पुठ्ठा तर तिथंच आहे, बाबा."

"मग माझाच नेम चुकला," सासरे म्हणाले.

झालं. मनगटाचं हाड जुळायला लागलं, पण माणूस विस्कटला. सासरे भिंत धरून चालू लागले. घरानं गच्चीला कुलूप लावलं. आणि नणंद, जिला दुसऱ्यांच्या घरातले निर्णय घ्यायला आपल्या घरातून नेहमी सवड मिळते, ती म्हणाली, "वहिनी, कपडे वाळवायचं मशीन आणू. बाबांना दोरीचं नावच नको."

दुकानात विक्रेत्यानं तीन मशिनं दाखवली. एक गरम हवा नळीनं खिडकीबाहेर सोडणारं. स्वस्त, पण भिंतीला भोक. दुसरं वाफेचं पाणी करून टाकीत साठवणारं. भोक नको, पण टाकी भरली की ओतायची. तिसरं हीट पंपाचं. वेळ लावतं, पण वीज कमी खातं, कपडे आटत नाहीत, आणि पाणी आपलं आपण मोरीत सोडतं.

"हेच द्या," सून म्हणाली. किंमत तिनं विचारलीच नाही. अपराधी गिऱ्हाईक दुकानदाराला लाखात एक. ते घासाघीस करत नाही, महागातलं घेतलं की पाप फिटतं अशी त्याची समजूत असते.

"वहिनी, लॉटरीबिटरी लागली का?" नणंद म्हणाली. "नळीचं घ्या. भोकाचं काय, उंदीर फुकट पाडतात."

सासरे मागून येत होते. या फ्रिजला हात, त्या फ्रिजला हात, जणू होडीतून चाललेत. टाकीच्या मशीनपाशी थांबले. टाकी अर्धी ओढून बघितली.

"ही रोज ओतायची असते ना? ते मी करीन."

"काहीतरीच काय, बाबा! भरलेली टाकी घेऊन तुम्ही चालणार? आहेत तेवढी हाडं पुरेत," नणंद म्हणाली.

त्यांनी टाकी आत ढकलली. "तेही खरंच. आता माझा काही नेम नाही."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. पडायला आलेल्या दातासारखा तो शब्द तिच्या तोंडात हलत होता.

"बाबा, पुठ्ठा नव्हता तिथं."

"अहो, दादानं स्वतः बघितला," नणंद म्हणाली.

"तो मी नंतर ठेवला. आधीचा मीच झाडून टाकला होता. तुमचा नेम चुकला नव्हता, बाबा."

विक्रेत्याला एकाएकी पलीकडचं मशीन पुसायची आठवण झाली.

"महिनाभर," सासरे सावकाश म्हणाले, "मी भिंती धरून चालतोय."

"हो."

"अंघोळीला जाताना मला कडी लावू देत नाही तुम्ही. माझ्या घरात."

"हो, बाबा."

"शोभतं का हो हे, वहिनी? डॉक्टर म्हणवता आणि..."

"तू गप्प बस," सासरे लेकीला म्हणाले. "स्टुलावर तू चढली नव्हतीस."

त्यांनी मशीनवरचा हात काढला. दोन रांगांमधून दुकानाच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. कशालाही हात लावला नाही. मग विक्रेत्याला म्हणाले, "टाकीचं द्या. चादरी, टॉवेल त्यात जातील. टाकी मी ओतणार. शर्ट दोरीवर."

घरी येताच ते थेट गच्चीच्या जिन्याकडे वळले. गच्चीचं कुलूप तिनंच काढलं. स्टूल तिथंच होतं. त्यांनी वाकून पुठ्ठा उचलला, उलटासुलटा केला.

"ही घडी माझी नाही. मला वर येऊ दिलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं." आणि पुठ्ठा तिच्यापुढे धरला. "घाल नीट."

संध्याकाळी नवऱ्याला सांगायचं अजून बाकी होतं, आणि नणंदेनं फोन करून ते आधीच उरकलेलं असणार. सुनेनं उकिडवं बसून, कडा जुळवून, नखानं दाबून घडी घातली. दातावरची टोपीही ती इतक्या निगुतीनं बसवत नसेल.

सासऱ्यांनी ती हातात घेतली, उघडली आणि एका हातानं, गुडघ्यावर दाबून, पुन्हा घातली.

छान घातली होतीस, असं या वेळी ते म्हणाले नाहीत.