आधी काळी, मग लाल

बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि बेकरीचा पाव पोचवणारी त्यांची व्हॅन दारात रुसून बसली होती. आज सकाळी तर तिच्या बॅटरीने रामच म्हटला. बातमी कळल्याबरोबर मामा हजर.

"दाजी, विकून टाका. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

"विकायची कशाला? मी चालवते की!" धाकटी लेक घरातून आली ती नवी बॅटरी पोटाशी धरूनच. परवाना तिने केव्हाच काढला होता. अडलं होतं फक्त बाबांच्या होकारावर.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "चालवतात सगळेच. तिचं दुखणंखुपणं कोण बघणार? माझ्या डोळ्यांदेखत बॅटरी बदल. जमलं तर किल्ली तुझी. नाही जमलं तर मामाचं गिऱ्हाईक."

"कबूल," धाकटी म्हणाली. बोटातली अंगठी काढून तिने आईच्या हातात दिली, गाडीतले दिवे आणि रेडिओ बंद आहेत ना ते पाहिलं, किल्ली काढून घेतली आणि बॉनेट उघडलं. देवाला मनातल्या मनात हात जोडले आणि पाना थेट काळ्या वायरीला लावला.

"अगं, थांब! लाल आधी!" बाबा खुर्चीतून अर्धे उठलेच. "अधिकाचं चिन्ह आहे तिच्यावर. शुभ काम वजाबाकीपासून सुरू करतात होय? आयुष्यभर मी लालच आधी काढत आलो."

मामाला तेवढंच हवं होतं. "बघा! पहिल्याच घासाला खडा."

आता आली का पंचाईत! ऐकावं तर चूक होते, न ऐकावं तर बापाचा शब्द मोडतो, तोही मामासमोर. धाकटीने पाना काळ्या वायरीवरून काही हलवला नाही.

"बाबा, गाडीचं सगळं लोखंड या काळ्या वायरीला जोडलेलं असतं. ती तशीच ठेवून लाल सोडवायला गेले आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर ठिणगीच. काळी आधी सुटली की पाना कुठेही टेकू दे." मग तिने बॅटरीशेजारच्या पत्र्यावर बोट ठेवलं. तिथे रंग जळून काळा डाग पडला होता. "ही खूण कशाची?"

बाबांनी मान दुसरीकडे वळवली. आईला मात्र हसू आवरेना. "मी सांगू? मी खिडकीतून पाहिलंय. हे असे उडाले, की मला वाटलं उडायला शिकताहेत!"

"पाना निसटला होता," बाबा पुटपुटले आणि गुमान खुर्चीत टेकले.

नट गंजून घट्ट बसला होता. वर पांढरी बुरशीसारखी पूड जमलेली.

"हातोडी घाल एक!" मामा म्हणाला.

"मामा, बॅटरी आहे, नारळ नाही."

तिने हातमोजे चढवले, ओल्या फडक्याने पूड पुसली, नट हळूहळू सैल केला आणि टर्मिनल डावीउजवीकडे हलवत अलगद वर उचललं. वायर उसळून परत चिकटू नये म्हणून तिला कोरड्या फडक्यात गुंडाळून बाजूला दाबून ठेवली. मग लाल. मग बॅटरीला जागेवर धरून ठेवणारी आवळपट्टी. जुनी बॅटरी बाहेर आली, नवी आत बसली. ठिणगी म्हणून नाही!

नवीच्या वायरी जोडायच्या वेळी ती थांबली. "आता उलटं असतं. बाबा, सांगा, आधी कुठली?"

बाबांची मान ताठ झाली. "लाल!"

"बरोब्बर. काळी शेवटी."

"ऐकलंत ना, मेव्हणे? लाल आधी म्हणून मी मघापासूनच ओरडतोय!"

मामाने कपाळाला हात लावला.

काळीचा नट आवळून झाल्यावर धाकटीने किल्ली फिरवली. व्हॅन एका दमात बोलू लागली. समोरचं घड्याळ शून्यावरून लुकलुकू लागलं, रेडिओही आपलं स्टेशन विसरला. धाकटीने किल्ली काढून बाबांपुढे धरली.

बाबांनी ती घेतली नाही. डाव्या हाताने तिची बोटं तेवढी किल्लीवर मिटवली. "घड्याळ लाव. आणि सकाळच्या भजनाचं स्टेशन आधी शोध, बाकीचं मग. पहाटे पाव निघेल तेव्हा मी शेजारी बसून येणार आहे."

"सूचना करायला?"

"रस्ता दाखवायला!" बाबा म्हणाले. मग मामाकडे वळून, "मेव्हणे, त्या गिऱ्हाइकाला सांगा, गाडीला मालकीण मिळाली."