चौदा पायऱ्यांची तळी

आमच्या देवळाच्या तळीला चौदा पायऱ्या आहेत. एकसष्ट सालच्या मे महिन्यात मी त्या एकेक करून उतरले आणि पोहायला शिकले, म्हणून मला त्या पाठ आहेत. सातव्या पायरीवर पाणी कमरेला लागायचं, दहाव्या पायरीवर हनुवटीला. दोन सुके असोले, न सोललेले नारळ काथ्याच्या सुंभाने जोडायचे, सुंभ छातीखाली घ्यायचं, की दोन्ही काखांपाशी एकेक नारळ तरंगायचा. मग हातपाय मारत पलीकडे. सुंभाने काखेत पडलेले ओरखडे मी घरभर मिरवायची. तो मे महिना आठवला की अजून जीव हरखतो, आणि पाठोपाठ लाजही वाटते.

लाज चंद्रावतीमुळे. ती माझ्याच वर्गातली, मासेमारांच्या गाबीतवाड्यातल्या यमुनाबाईची मुलगी. यमुनाबाई मासे विकायची. रोज सकाळी टोपली घेऊन तरीत, म्हणजे खाडीच्या होडीत, बसायची आणि खाडीपलीकडच्या बाजाराला जायची. गुरुवारी दुपारी तळीवर आम्हा मुलीबायकांची पाळी असे, तेव्हा चंद्रावती तळीच्या दगडी गडग्यावर बसून आम्हाला बघत राही. तळी देवळाची, म्हणजे सगळ्या गावाची. पण गाबीतवाड्यातलं पोर तिच्यात उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फाटकाची किल्ली माझ्या बाबांकडे. गुरुदास शेट म्हणजे वाण्याचं दुकान आणि देवस्थानची पंचकी, दोन्ही सांभाळणारा माणूस.

एका गुरुवारी चंद्रावतीने धीर करून त्यांनाच विचारलं, "शेटनू, मी उतरू?"

बाबा हसले. "तुमका अख्खो दर्यो आसा गो. तळी कित्याक होयी?"

खरं कारण वेगळं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण असल्या गोष्टी साखरेत घोळून सांगायची आमच्याकडे पद्धत.

बाबा गेल्यावर ती मला म्हणाली, "दर्याक पायऱ्यो खंय आसत? माझ्या आवशीक पेवूक येणा नाय, सुगंधा. माका पण येणा नाय. ती तरीत बसली काय माझो जीव थाऱ्यार रवणा नाय."

मला हसूच फुटलं. मासेवालीच्या मुलीला पोहता येत नाही? "चल, खोटारडी!" म्हणून मी पाण्यात उडी टाकली. तिचं तेव्हाचं तोंड मला अजून दिसतं.

मे अर्धा सरला तेव्हा बाबा एका लग्नाचं आमंत्रण द्यायला पलीकडे निघाले. तरीत ते, यमुनाबाई आणि तरीवाला गुणाजी. मी आणि चंद्रावती त्यांना पोचवायला धक्क्यावर उभ्या होतो. खाडीच्या मध्यावर वारा सुटला आणि बाबा धोतर सावरायला उभे राहिले. तरीत उभं राहू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण शेटना सांगणार कोण? होडी कलंडली.

बाबांना पोहता येत नव्हतं! जन्मभर तळीची किल्ली कमरेला लावून फिरले, पण तिसऱ्या पायरीखाली कधी उतरले नव्हते, हे मला त्या क्षणी उमगलं. त्यांनी यमुनाबाईला गच्च मिठी मारली. गाबतीण आहे, आपल्याला तारून नेईल, असं त्यांना वाटलं असणार. गुणाजीलाही तेच वाटलं. शेट यमुनाबाईच्या हाती सुखरूप आहेत असं समजून तो वाहत चाललेल्या होडीमागे गेला. धक्क्यावरची माणसंही ओरडली, "भियाचा काम नाय, यमुना आसा थंय!"

दोघंही दगडासारखी खाली गेली.

एकटी चंद्रावती किंचाळत होती, "तिका येणा नाय! तिका पेवूक येणा नाय!" कोणी वळून बघेना. मग मी तिचा हात धरला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, "गुणाजीकाका, ती खरा सांगता!" शेटच्या मुलीचं म्हणून असेल, गुणाजीने ऐकलं. बुडी मारून त्याने दोघांना केसांना धरून वर काढलं.

वाळूवर पालथे पडून पोटातलं पाणी ओकल्यावर बाबांनी पहिलं काय विचारलं असेल? "यमुने, तुका पेवूक येणा नाय?"

"कोणी शिकयल्यान?" यमुनाबाई खोकत म्हणाली. "घोव दर्यात जाता. मी टोपली घेवन बाजारात."

घरी येता येता मी बाबांना चंद्रावतीचं तळीवरचं ते वाक्य सांगितलं. पुढच्या गुरुवारी फाटक सताड उघडून त्यांनी किल्ली देवळातल्या खुंटीला अडकवली. दुसरे पंच, दाजी, धावत आले. "शेटनू, ह्या काय? तेंका दर्यो आसा मां!"

"दर्याक पायऱ्यो नाय, दाजी," बाबा म्हणाले.

माझे नारळ बांधून चंद्रावती एकेक पायरी उतरली. पाऊस लागायच्या आत ती तळी आरपार पोहली, आणि माझ्याआधी नारळ सोडून पोहली. मला तिचा हेवा वाटला, आनंदही झाला.

पण त्या पहिल्या दिवशी सगळा गाव बघत होता तो बाबांकडे. पाळी बायकांची, तरी ते धोतराचा काचा मारून चौथ्या पायरीवर उभे होते. शेजारी यमुनाबाई, लुगडं खोचलेली. तिनेच त्यांच्या छातीला सुंभ बांधलं आणि गाठ ओढून बघितली.

"शेटनू," ती म्हणाली, "आता नारळ धरा. माका नको."